एक मण पाच शेर

नंदुरबार,
ता. १८ नोव्हेंबर १९३६

तीर्थरूप गं. भा. भिकुकाकूच्या पायांशी बन्सीलालचा लांबूनच पण मनापासून साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या सुनेचा, वत्सलेचा खोकला ओवा-गुळाने गेला, तो आता मला लागला आहे. भाऊबीजेला सारंगखेड्यास येणे जमले नाही, त्याचा राग धरू नकोस. शाळेच्या परीक्षा आडव्या आल्या. तू पाठवलेली मिरची पोचली. शाळेतले दोन शिक्षक जेवायला आले होते, त्यांना तिने रडवून परत पाठवले.

आता मुख्य गोष्ट. आमचे निवृत्त हेडमास्तर जिल्ह्यातल्या माणसांचे एक पुस्तक छापत आहेत. त्यात दोन प्रकरणे आहेत, एक ‘शोधक’ आणि दुसरे ‘तऱ्हेवाईक’. मी मोठ्या हौसेने दगाकाकांची माहिती लिहून दिली, की सारंगखेड्याच्या दगाजी पाटलांनी सन १९०९ साली बांबू, तागाची दोरी आणि कापड घेऊन स्वतःच्या डोक्याने उडते यंत्र बांधले. हेडमास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, की उडाले का?

आता काय सांगू? मी तेव्हा नऊ वर्षांचा. दत्ताच्या जत्रेत वडिलांच्या खांद्यावर बसून मी सगळे पाहिले होते. काका नवा फेटा बांधून यंत्रात बसले. ओढायला लाखी घोडी जुंपली. ती जोरात धावली की यंत्राने पतंगासारखे वर जायचे, एवढे साधे काम. पण गाववाल्यांनी कौतुकाने ढोल-ताशा वाजवायला घेतला, आणि लाखीने धावायचे सोडून नाच सुरू केला. आदल्या जत्रेत घोडेवाल्या रायसिंगने ती विकताना सांगितलेच होते, की ही घोडी वरातीत नाव काढते. काकांना ती तारीफ वाटली. पुढचे दोन पाय वर, मग गोल गिरकी, मग पुन्हा दोन पाय वर. दोर काकांच्या कमरेभोवती, यंत्राचे शेपूट जिलेबीवाल्याच्या कढईत. जमिनीपासून वर गेला तो फक्त काकांचा फेटा.

हे हेडमास्तरांना सांगितले ही माझीच चूक. ते पोट धरून हसले आणि त्यांनी काकांना सरळ ‘तऱ्हेवाईक’ प्रकरणात नेऊन बसवले. एका बाजूला म्हशीपुढे सोंगट्या मांडणारे जहागीरदार, दुसऱ्या बाजूला उलटे चालत शहाद्याच्या बाजाराला जाणारे गृहस्थ, आणि मध्ये आपले काका!

पण काकू, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात काकांची वही सापडली. त्यात जत्रेच्या चार दिवस आधीची नोंद आहे: ‘मार्गशीर्ष शु. एकादशी. सकाळ. वारा उगवतीचा. उडाले! अंतर चौदा कासरे.’ बैलाच्या चौदा कासऱ्यांएवढे लांब! आणि खाली दुसऱ्याच कोणाच्या, कावळ्याने पाय उमटवावेत तशा अक्षरात, ‘वजन एक मण पाच शेर.’ काका स्वतः दोन मणांच्या वर होते. म्हणजे त्यांनी कापसाचे पोते ठेवून यंत्र उडवले असणार. घरात कापसाचा काटा होताच, आणि वहीतली बाकीची सगळी वजने कापसाचीच आहेत.

हेडमास्तर म्हणतात, घरच्या वहीला पुरावा म्हणत नाहीत. डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणा, त्याच्या सहीचा कागद आणा, मग काकांना ‘शोधक’ करतो. दत्तजयंतीपर्यंतची मुदत दिली आहे. त्यानंतर पुस्तक छापखान्यात जाणार. तेव्हा काकू, नीट आठव. ते पोते कोणी भरले, त्यात कापूस होता की ज्वारी, आणि उडताना कोणी पाहिले? मगन मास्तरांकडून लगेच उत्तर लिहून घे.

तुझी माया आहे तेवढीच तिखट राहो, मिरची थोडी कमी चालेल.

तुझा
बन्सीलाल


सारंगखेडे,
ता. २४ नोव्हेंबर १९३६

चिरंजीव बन्सीलाल यास भिकुबाई दगाजी पाटील हिचे उदंड आशीर्वाद. लिहिणार मगन मास्तर, त्याचाही रामराम.

कारण की तुझे पत्र मगनने वाचून दाखवले. पोत्याच्या ठिकाणी मी त्याला थांबवले आणि तेवढे पुन्हा वाचायला लावले. पोते म्हणतोस! शिकून-सवरून तुला हेच सुचले? पोते नव्हते. एवढेच सांगते. काय होते ते सांगत नाही. (मगनची टीप: येथे काकूंनी हातातले सूप इतक्या जोराने आपटले की दौत कलंडली. वरचा डाग त्याचा आहे, माझ्या अक्षराचा नव्हे.)

तुझ्या काकांनी मला शपथ घातलेली आहे. माणूस गेला म्हणून शपथ जात नाही. आणि मगनसमोर बोलले तर ती गोष्ट तुझ्याआधी तळोद्याला पोचेल. (मगनची टीप: हे लिहायलाही मलाच सांगितले.)

मला काय वाटत नाही असे समजू नकोस. परवा शेजारच्या हिलालकडे नातवाचे जावळ होते. त्याने पंगतीत लाखीच्या नाचाची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि या वयात स्वतः घोडी होऊन नाचून दाखवले. साठ-सत्तर माणूस हसत होते आणि मी वाढत होते. मी त्याच्या पानात भाजी वाढलीच नाही, तेवढेच माझ्या हातात होते.

तोच हिलाल दर दत्तजयंतीला आपल्या वावरातल्या आसरेला भक्तीने नारळ फोडतो. (मगनची टीप: शहरात राहून विसरला असाल म्हणून सांगतो. त्याच सालच्या जत्रेच्या सुमारास हिलालभाऊंच्या उभ्या कापसात मधोमध खाटेएवढी जागा चेपलेली सापडली. तेथून बाईमाणसाची पावले बाहेर गेलेली, आत आलेले पाऊल मात्र एकही नाही. आसरादेवी आभाळातून उतरल्याशिवाय असे होत नाही, म्हणून तेथे दगड मांडून शेंदूर लावला. हिलालभाऊंच्या कौसाबाईंना सहा वर्षे मूल नव्हते. तेथे ओटी भरली आणि मुलगा झाला. यंदा देवीच्या डोक्यावर पत्रे घालायचे ठरत आहे.) हे मगनने आपल्या मनाने घातले. मी त्या दगडाबद्दल कधीच काही बोलत नाही.

तुझे काका तऱ्हेवाईक नव्हते. हेडमास्तरला म्हणावे, भिकुबाईने सांगितले आहे. अंगठा लागत असेल तर दहाही बोटे लावून देते.

वत्सलेला जप. तुझ्यावर राग आहे, पण तो पोत्यापुरता.

तुझी काकू
भिकुबाई


अक्कलकुवा,
ता. ३० नोव्हेंबर १९३६

तीर्थरूप बन्सीभाऊस धाकट्या बेबीचा नमस्कार, आणि त्यामागोमाग थोडे भांडण.

माय काही सांगत नाही म्हणून तू मला लिहायला लावलेस, पण मी तुझ्या बाजूची नाही. भाऊ, बाबांना कोणत्याच प्रकरणात घालू नकोस. तू नंदुरबारला मास्तर आहेस, तुला कोणी तोंडावर हसत नाही. मी इथे दहा वर्षे सून म्हणून राहते. संक्रांतीला पोरांचा पतंग झाडात अडकला की सासूबाई म्हणतात, बेबी, तुझ्या माहेरचे आले गं. हे दुकानात बसतात, तर बाजाराला आलेले गिऱ्हाईकही विचारते, की घोडी नाचली ती तुमच्याच सासऱ्यांची ना! हे बिचारे हसून गूळ तोलतात. आता ते छापून आल्यावर मी कोणत्या दाराआड तोंड लपवू?

आणि मी कोणाची मुलगी आहे बघ. मला झोक्यावर बसवत नाही. तळोद्याच्या सर्व्हिस मोटारीत बसले की दोन मैलांत ओकारी येते. माडीवर धान्य आणायला जाते ती भिंत धरून. बाबांचे एवढे मोठे वेड, त्यातले माझ्या वाट्याला काहीसुद्धा आले नाही.

बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला त्यांचे दातांत धरलेले दोऱ्याचे टोक आठवते, आणि मी जवळ गेले की ते काम बाजूला ठेवून आधी माझ्याकडे बघत ते आठवते. त्या माणसाला म्हशीपुढे सोंगट्या मांडणाऱ्याच्या शेजारी बसवलेले मला बघवणार नाही. हसू झालेच आहे तर ते गावातच राहू दे.

मायने बाळंतपणात दिलेली गोधडी सासूबाईंनी थंडीला मागून घेतली. तिच्या चारी कडांना त्या नाड्या शिवलेल्या आहेत ना, त्यांत त्यांच्या पायाचा अंगठा अडकतो आणि त्या रोज मायच्या शिवणाला नावे ठेवतात. गोधडीला नाड्या कशाला लागतात हे मलाही कधी कळले नाही. विचारले की माय दुसरेच काही बोलते.

रागावलास तरी लिहीत जा.

तुझी
बेबी


नंदुरबार,
ता. ५ डिसेंबर १९३६

चि. सौ. बेबीस बन्सीभाऊचे आशीर्वाद, भांडणासह पोचले.

तुझे पत्र वाचून वाईट वाटले. पण काकांना काढून घे म्हटले तरी हेडमास्तर आता काढत नाहीत. त्यांना ती गोष्ट फार आवडली आहे. त्यांनी जो मजकूर लिहिला त्याचा नमुना देतो: ‘या गृहस्थांचे यंत्र तेवढे भूमीवर राहिले, अश्वाने मात्र कला दाखवून जमावास तृप्त केले.’ हे पुस्तक जिल्ह्यातल्या शाळांतून बक्षीस म्हणून वाटायचे आहे, बेबी. पोरे ते घोकतील. म्हणजे आता गप्प बसूनही सुटका नाही. काका उडाले हे सिद्ध करायचे, नाहीतर घोडी नाचली हे कायमचे सोसायचे.

मी त्यांना पोत्याचा मुद्दा घालून पाहिला. ते म्हणाले, पोत्याला सही करता येत असेल तर आणा.

वहीत काकांनी चिमणीपासून गिधाडापर्यंत सगळ्यांचे पंख मोजून ठेवले आहेत. घारीच्या चित्राखाली लिहिले आहे, ‘ही पंख हलवत नाही तरी पडत नाही. कारण शोधणे.’ मी शाळेत चौदा वर्षे शिकवतो आहे, पण घारीकडे असे बघितले नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. जत्रेत मी खांद्यावर बसून सगळ्यांत मोठ्याने हसलो होतो.

काकूला काहीतरी ठाऊक आहे आणि ती मगन मास्तरांसमोर बोलणार नाही. तू लेक आहेस. तूच एक ओळ लिही, की बाबांसाठी बोल म्हणून. मला तेवढी एकच आशा उरली आहे.

सासूबाईंना सांग, अंगठा आत घेऊन झोपावे.

तुझा
बन्सीभाऊ


सारंगखेडे,
ता. १९ डिसेंबर १९३६

रा. रा. बन्सीलाल पाटील मास्तर यांस मगन मास्तराचा रामराम. हे पत्र माझे मीच लिहीत आहे, कारण मला दुसरे कोणी सांगेनासे झाले आहे.

तक्रार अशी. परवा बेबीताईंचे पत्र आले. काकूंना वाचून दाखवले. पत्र एका ओळीचे होते: ‘माय, बाबांसाठी बोल.’ मी नेहमीप्रमाणे दौत उघडली. तर म्हणाल्या, मगन, दोन कोरे कागद आणि टाक ठेव, आणि घरी जा.

मी विचारले, लिहिणार कोण? त्या म्हणाल्या, तुला काय करायचे! चहासुद्धा विचारला नाही. अठरा वर्षे मी या घरची पत्रे लिहीत आहे. लग्नाची, मयताची, गाय व्याल्याची. एकदाही एका घरचे दुसऱ्या घरी सांगितले नाही. सांगितले असेल तर कोणी विचारले म्हणून. आता त्यांनी दुसरा लेखनिक धरला आहे असा माझा संशय आहे. पण मी गावभर चौकशी केली, अक्षर येणारा प्रत्येक माणूस आपापल्या घरी होता.

तुम्हांला काही पत्र आले तर अक्षर कोणाचे आहे तेवढे कळवावे. मनाला लागून राहिले आहे. बाकी माझ्यावरची मर्जी निदान तुम्ही तरी ठेवावी.

आपला
मगन


सारंगखेडा,
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

बन्सी बेटा, तुले आनि तुन्ही वत्सलाले मन्हा आशीर्वाद. अक्षर देखीसन बिचकू नको. हाऊ कागद मी मन्हा हाते लिखी ऱ्हायनू. पुस्तकी बोली मगनले येस, माले येत नही, म्हनीसन घरनी बोलीमा लिखस.

वहीमा ती कावयाना पायनी वळ शे ना, ती मीच लिखेल शे. लगीन व्हयनं तवय तुन्हा काकास्नी माले अक्षरं शिकाडात, चुल्हाजवय राखमा बोट फिरायीसन. सासूले मालूम पडतं तं तिनी घर डोकावर लिधं असतं. ते मानमोडीना तापनी साथमा गयात, मंग मी टाक हातमा धरा नही. कोनासाठे धरतू?

आते आयक. पोतामा काय व्हतं इचारस ना? पोतं नव्हतं. मी व्हतू.

यंत्र त्यास्ले उचलेना. त्यास्नी बठ्ठा घरले कापूसना काटावर तोलं. सासरा तोलायना, गडी तोलायना, तू बी तोलायना. मंग ते म्हनेत, ज्वारीनं पोतं ठेवूत. मी सांगं, पोतं कलंडी जाई, पोताले काय धरता येस का? मी बठस. ते नही नही म्हनेत. मी त्यास्ले इचारं बी नही, काटावर जाईसन बठी गयू. एक मन पाच शेर. एकादशीना उपास व्हता, नही तं सहा भरतू.

सकायले तापीना उंच काठवर लाखी जुंपी. ढोल नही, ताशा नही, तं कशी पयनी ती! मी डोया मिटी लिधात. पोटमा कसंतरी व्हयनं. डोया उघाडात तं हेट खाले हिलालना कापूस, बठ्ठा पांढरा, बोंडे फुटेल. बन्सी, मी रडनू नही. मी हासनू. इतलं मोठं हासनं मन्हा तोंडमा व्हतं हाई माले तवय समजनं. मंग दोर सुटना, वारा कमी व्हयना, आनि मी हिलालना वावरमा धपकन पडनू. ते पयेल घोडीना मांगे गयेल व्हतात. मीच यंत्र डोकावर लिधं आनि बाहेर उनू. म्हनीसन पाय बाहेर जायेल दिसेत, आत येयेल नही. हिलालनी आसरा ती मीच. सत्तावीस वरीस त्याना नारयना परसाद मी खाई ऱ्हायनू.

त्यास्नी माले शपथ घाली. म्हनेत, लाखी आखो जोरमा पयनी तं यंत्र माले बी उचली; जत्रामा आधी मी उडस, मंग लोकेस्ले सांगसु की पहिली तू उडनी. आधी सांगं तं लोके म्हनतीन, दगानी बायकोले मरनाले बठाडं. मंग जत्रामा लाखी नाचनी. मंग कोनले सांगूत? सासरानी त्याच दिन लाखी इकी टाकी, बांबू गोठाले लाई दिधात. पंख मन्हा लगीनना शालूना व्हता. त्यानी मी गोधडी शिवी. बांबूले बांधाना नाड्या कापाले मन व्हयनं नही.

सासू गयी तवय बी मी बोलनू नही. कौसाले त्या दगडवर पोऱ्या मियना. मी बोलतू तं तिन्ही देवी जाती. म्हनीसन आज पहिले मी तिलेच सांगी उनू. ती म्हने, आभायमातून बाई उतरनी हाई तं खरंच शे ना, मंग देवी खोटी कशी? आनि मन्हा पायवर डोकं ठेवं. माले इतली लाज वाटनी!

हाऊ कागद हेडमास्तरले दखाड, आनि मंग बेबीले धाड. ती श्रावणमा व्हयनी. महिना तूच मोज. उडनू तवय माले बी मालूम नव्हतं. एक मन पाच शेरमा ती बी व्हती.

त्यास्ले तऱ्हेवाईक नको लिखू देऊ. ते घाबरेत, पन मन्हासाठे घाबरेत. ते मरनात त्या दिन माले म्हनेत, तू उडनी ना, मंग मन्हं काम व्हई गयं.

सही मी करस. अंगठा नही.

भिकुबाई दगाजी पाटील


नंदुरबार,
ता. ३० डिसेंबर १९३६

चि. सौ. बेबीस बन्सीभाऊचे आशीर्वाद, डोळे पुसत पुसत.

सोबत मायचे पत्र आहे. ते आधी वाच. एकटी बसून वाच. मग हे वाच.

वाचलेस? मग पुढचे सांगतो. पत्र घेऊन मी पळत हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी ते एकदा वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. मग मला म्हणाले, की पोत्याला सही करता आली म्हणायची! आणि दत्तजयंतीला स्वतः सारंगखेड्यास निघाले.

जत्रेच्या गर्दीतून आम्ही हिलालच्या वावरात गेलो. काकू, कौसाबाई, मागे मगन मास्तर, त्यांच्या मागे अर्धे गाव. मगनना कळले तेव्हा हे होणारच होते. अक्षर कोणाचे हे समजल्यावर मात्र ते वडाच्या पारावर जाऊन बसले आणि पाणी मागितले. हेडमास्तरांनी तापीच्या काठापासून शेंदराच्या दगडापर्यंत कासऱ्याने मोजले. तेरा कासरे आणि वर थोडे भरले. काकूने तिथेच ठणकावून सांगितले, की सत्तावीस वर्षांत पुराने काठ खाल्ला आहे, तो धरा. त्यांनी धरला. मग त्यांनी काट्यावर बसण्याची विनंती केली, तेव्हा काकू म्हणाली, की आता दोन मण भरेन, आणि तुमचे पुस्तक खोटे पडेल.

हिलाल कोपऱ्यात उभा होता. फेटा काढून हातात घेतला होता. शेवटी म्हणाला, की मी पंगतीत दगाची टिंगल करायचो आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्याच्याच बायकोला नारळ फोडायचो. मग तो काकूसमोर हात जोडून रडला. काकूने त्याला सांगितले, की गोष्ट सोडू नको, फक्त पुरी सांग. संध्याकाळी त्याने जत्रेत ती पुरी सांगितली. आता तो आधी घोडी होतो आणि मग काकू होतो. दगडावरचे पत्रेही त्याने रद्द केले. म्हणतो, देवी वरून येते, तिच्या वाटेत पत्रा कशाला?

दगाकाका आता ‘शोधक’ प्रकरणात आहेत. मजकूर हेडमास्तरांनी माझ्यासमोर लिहिला: ‘यंत्र बांधणारे दगाजी पाटील. उडणाऱ्या त्यांच्या पत्नी भिकुबाई. वजन एक मण पाच शेर.’ मी म्हटले, अजून एक नाव राहिले. ते म्हणाले, तिची परवानगी आणा.

तेव्हा काय ते लवकर कळव.

तुझा
बन्सीभाऊ


अक्कलकुवा,
ता. ६ जानेवारी १९३७

तीर्थरूप मायच्या मांडीवर डोके ठेवून बेबीचा नमस्कार.

माय, तुझे पत्र मी अकरा वेळा वाचले. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा रागावले, की मला न विचारता मला घेऊन गेलीस. मग हसू आले ते थांबेना. सासूबाई धावत आल्या. त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्या गोधडीवरच बसल्या होत्या. हळूच उठल्या, गोधडी झटकली, चारपदरी घडी केली आणि देवघराच्या फळीवर ठेवली. मी ती खाली काढली आणि पुन्हा त्यांच्या अंगावर घातली. बाबांनी पंख असा ठेवून दिलेला आवडला नसता. अंगठा अडकला की आता त्या नावे न ठेवता नाडी सोडवतात.

एवढी वर्षे मला बाबांची लाज वाटली. ती लाज मी कोणाजवळ टाकू, माय? ते असते तर पाय धरले असते. तू आहेस, तुझेच धरते. तू एवढे पोटात ठेवून त्या पंगतीत वाढत राहिलीस, आणि मी मात्र पतंग दिसला की खिडकी लावून घेत होते.

काल दुपारी यांना दुकानातून बोलावले आणि अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधून मागितला. हे म्हणाले, पडशील. मी म्हटले, मी पडले आहे, हिलालकाकांच्या कापसात, काही होत नाही. बसले. दोन्ही दोर घट्ट धरले. डोळे मिटले. पोटात कसेतरी झाले, तू लिहिलेस तस्सेच. मग डोळे उघडले.

ओकारी आली, ते खरे सांगते. पण खाली उतरल्यावर आली, वर असताना नाही.

बन्सीभाऊला कळव, नाव घालायला माझी परवानगी आहे. येत्या जत्रेला सासूबाईंना घेऊन येते. मोटारीने येईन आणि खिडकीपाशी बसेन. तोवर मगन मास्तरांना चहा देत जा, आणि पत्र मात्र तुझ्याच अक्षरात पाठव.

तुझी, तुलाही कळले नव्हते तेव्हापासून उडालेली,
बेबी